मुले मोठी झाल्यावरची पहिली क्रूझ: जहाजाआधी खोल्या ठरवा

पुण्याच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील दोघेही पन्नाशी ओलांडलेले, मुलगी 23 वर्षांची आणि बंगळुरूला नोकरीत, मुलगा 19 वर्षांचा आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला वसतिगृहात. चौघांनी मिळून शेवटचा प्रवास केला त्याला चार वर्षे झाली. येत्या हिवाळ्यात पहिल्यांदाच क्रूझला जायचे मनात आहे आणि समोर तीन पर्याय आहेत: मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप, सिंगापूरहून चार रात्रींची फेरी, किंवा युरोपात भूमध्य समुद्रातले सात दिवस. आई शाकाहारी आहे, तिला बोट लागण्याची भीती आहे, आणि चौघांना एकच खोली घेतली तर चालेल का, असे तिने शेवटच्या ओळीत विचारले आहे.

गेली वीस वर्षे मी कुटुंबांच्या जहाजप्रवासांची आखणी करते आहे, आणि माझ्या दृष्टीने या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो शेवटच्या ओळीतलाच आहे. चौघांना एक खोली चालणार नाही. खर्चाची ओढाताण होत असेल तर दोन रात्री कमी करा, बाल्कनी सोडा, लहान जहाज घ्या, पण खोल्या दोनच घ्या.

जहाजावरची साधी खोली साधारण 150 ते 180 चौरस फुटांची असते आणि त्यातच कपाट, टेबल आणि न्हाणीघरही येते. चौघांच्या खोलीत दोन पलंग खाली असतात आणि उरलेले दोन रात्री छतातून किंवा भिंतीतून खाली ओढले जातात, म्हणजे ते उघडल्यावर चालायला जागा उरत नाही. आठ आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी ही मौज असते. तेवीस वर्षांची मुलगी मात्र गेली दोन वर्षे स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या वेळेने राहते आहे. तिला रात्री एक वाजता परत येऊन अंधारात चाचपडत, आई-वडिलांची झोप मोडत, शिडीने वरच्या पलंगावर चढावे लागले, तर दुसऱ्या रात्री ती बाहेरच जाणार नाही आणि तिसऱ्या दिवशी घरातली जुनी कुरबुर समुद्रावर सुरू होईल. माझी स्वतःची मुले याच वयाची असताना मी एकदा असा हिशेब केला होता की फक्त झोपायला तर खोली लागते. त्या चार दिवसांत सकाळी न्हाणीघरासमोर लागणारी रांग आणि रात्री दिवा कोणी मालवायचा यावरून झालेला अबोला मला बंदरांपेक्षा अधिक आठवतो, आणि त्यानंतर मोठ्या मुलांच्या कोणत्याही कुटुंबाला मी एका खोलीचा पर्याय आपणहून कधी दिलेला नाही.

खर्चाचे गणित नीट समजून घ्या. एका खोलीत चौघे राहिले तर तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाचे भाडे बहुतेक कंपन्यांत पहिल्या दोघांपेक्षा कमी असते, आणि जाहिरातीत जो आकर्षक आकडा दिसतो तो त्याचाच असतो. पण बंदरशुल्क, कर आणि टिप्स प्रत्येक माणसामागे सारख्याच लागतात, विमानाचे तिकीटही तसेच. त्यामुळे दोन खोल्यांचा फरक भाड्यापुरता मर्यादित राहतो. हा फरक भरून काढण्याचा माझा नेहमीचा मार्ग असा: आई-वडिलांसाठी बाल्कनीची खोली आणि तिच्याच समोर, मार्गिकेच्या पलीकडे, मुलांसाठी खिडकी नसलेली आतली खोली. या वयाची मुले खोलीत फक्त झोपतात आणि उशिरापर्यंत झोपतात. खिडकी नसलेला पूर्ण अंधार त्यांना सोयीचाच होतो. बाल्कनी चौघांची बैठक होते. संध्याकाळी जहाज बंदर सोडते तेव्हा चहाचे पेले घेऊन सगळे तिथे जमतात.

भाऊ-बहीण एका खोलीत राहतील की आई-मुलगी आणि वडील-मुलगा अशी वाटणी करावी, हे मुलीला विचारा आणि तिचे उत्तर अंतिम माना. दोन्ही व्यवस्था मी चांगल्या चाललेल्या पाहिल्या आहेत. मात्र आरक्षण करताना एक कागदी बाब लक्षात ठेवा. अमेरिकेतून सुटणाऱ्या अनेक जहाजांवर 21 वर्षांखालच्या प्रवाशाच्या खोलीत 21 वर्षांवरील कोणीतरी नोंदलेले लागते; आशियातील फेऱ्यांत ही मर्यादा सहसा 18 असते. तुमच्या घरात मुलगी 23 ची असल्याने अडचण येणार नाही, पण ज्यांची दोन्ही मुले 19-20 ची आहेत त्यांनी 21 ची अट असलेल्या जहाजांवर कागदावर प्रत्येक खोलीत एक पालक दाखवावा आणि जहाजावर पोहोचल्यावर स्वागतकक्षातून जादा किल्ल्या घ्याव्यात. ही सर्रास चालणारी पद्धत आहे.

खोल्यांची वाटणी आणखी एका ठिकाणी आडवी येते. अनेक कंपन्यांचा नियम असा आहे की एका खोलीतल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्या खोलीतल्या इतर प्रौढांनाही ते घ्यावे लागते. सिंगापूरहून सुटणाऱ्या बहुतेक जहाजांवर मद्यासाठी 18 वर्षे पुरेशी असतात, म्हणजे तुमचा 19 वर्षांचा मुलगा तिथे प्रौढ ठरतो, जो महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 या वयापर्यंत ठरत नाही. घरात हा विषय कधी निघाला नसेल तर तो जहाजावरच्या पहिल्या रात्री बारच्या दाराशी निघण्यापेक्षा पुण्यात, जेवणाच्या टेबलावर निघालेला बरा. मी कुटुंबांना एवढेच सुचवते की काय चालेल, काय चालणार नाही आणि कोणाच्या पैशाने, हे निघण्याआधी मोकळेपणाने बोलून घ्या. जहाजावरचा सगळा खर्च खोलीच्या कार्डावर चढतो आणि मुलाच्या कार्डावर दिवसाची मर्यादा घालता येते. कॅसिनोतही वयाची अट पाळली जाते, पण तुमच्या मुलीला तिथे कोणी अडवणार नाही.

आता जहाजाकडे वळू. क्रूझच्या माहितीपत्रकात मुलांसाठी खेळघरे आणि किशोरांसाठी मंडळे ठळक दिसतात, पण ती सतरा वर्षांशी संपतात. अठरा ते चोवीस हा वयोगट जहाजावर कोणाचाच नसतो: त्यांच्यासाठी ओळखी करून देणारे कोणी नाही, आणि नृत्यवर्ग किंवा प्रश्नमंजूषेला येणारे बहुतेक जण त्यांच्या आई-वडिलांच्या वयाचे असतात. म्हणून मी पालकांना विचारते की तुमची मुले रात्री नऊ ते दोन या वेळात काय करतील, आणि बंदर नसलेल्या दिवशी दुपारी काय करतील. या दोन वेळांची उत्तरे ज्या जहाजावर मिळतात ते जहाज तुमचे. आई-वडिलांचा दिवस कुठल्याही जहाजावर चांगला जातो. समुद्र, पुस्तक, चालण्याचा डेक आणि आयता स्वयंपाक एवढ्यावर पन्नाशीची माणसे चार दिवस सुखाने राहतात.

या कसोटीवर तिन्ही पर्याय पाहू. मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे एम्प्रेस हे जहाज 2021 पासून फिरते. ते 1990 साली बांधलेले, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात असलेले जहाज आहे, म्हणजे आजच्या मोठ्या जहाजांच्या मानाने लहान. त्याच्या जमेची बाजू मोठी आहे: विमान नाही, परदेशी चलन नाही, बॅलार्ड पिअरहून चढायचे, आणि शाकाहारी व जैन जेवण तिथे अपवाद म्हणून मागावे लागत नाही. ज्या घरात आजी-आजोबाही येणार आहेत, किंवा दोन-तीन रात्रींत समुद्र मानवतो का एवढेच पाहायचे आहे, त्यांना मी हेच सुचवते. कोकणातल्या ज्या पिढीने भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणबोटीने रत्नागिरी, देवगड केले, तिला मुंबई बंदर मागे पडताना पाहून जे वाटते ते सिंगापुरात वाटणार नाही, हेही खरे. लक्षद्वीपच्या बाबतीत मात्र एवढे गृहीत धरा की तिथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर जावे लागते, आणि समुद्र खवळला तर ते थांबणे रद्द होते. त्या निळ्या पाण्यासाठीच निघणार असाल तर ही जोखीम आधी पत्करा. तुमच्या दोन मुलांसाठी मला हे जहाज थोडे अपुरे वाटते. लग्नाचे किंवा कार्यालयीन गट त्यावर बरेच असतात आणि ज्यांचा गट नाही अशा तरुणांना दुसऱ्या दिवशी दुपारी करण्यासारखे फारसे उरत नाही.

भूमध्य समुद्र हे माझ्या मते या कुटुंबाचे पहिले जहाज नव्हे. हिवाळ्यात तिथल्या फेऱ्या कमी होतात, हवा थंड आणि समुद्र चंचल असतो. शिवाय तो प्रवास बंदरांसाठी करायचा असतो आणि बंदरे शहरांपासून दूर आहेत: रोमचे म्हणून जे बंदर दाखवले जाते ते चिविटावेक्किया रोमपासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे, आणि फ्लॉरेन्ससाठी जहाज लिव्होर्नोला लागते. सकाळी सातला उठून बस पकडायची, धावत शहर पाहायचे आणि पाचच्या आत परतायचे, असे पाच दिवस सलग झाले की वीस वर्षांचे मूल तिसऱ्या दिवशी मी जहाजावरच थांबतो म्हणते आणि वडिलांना भरलेल्या पैशांचा राग येतो. त्यात शेंगेन व्हिसासाठी तुमचे चौघांचे कागद तीन प्रकारचे होतील: तुम्हा दोघांचे, नोकरी करणाऱ्या मुलीचे स्वतःच्या पगारपत्रकांसह आणि कंपनीच्या रजापत्रासह, आणि मुलाचे महाविद्यालयाच्या बोनाफाइड दाखल्यासह व वडिलांच्या खर्चहमीसह. हे सगळे होते, कठीण नाही, पण ते दुसऱ्या क्रूझसाठी ठेवा.

म्हणून माझा कौल सिंगापूरला आहे. तिथून रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्याची, मोठी जहाजे आणि गेंटिंग ड्रीम हे जहाज यांच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्या निघतात; कोणत्या हंगामात कोणते जहाज असेल ते बदलत राहते, म्हणून नावापेक्षा वर्ग पाहा. क्वांटम वर्गाच्या जहाजांवर लाटांवर उभे राहण्याचा कृत्रिम प्रवाह, हवेच्या झोतावर तरंगण्याची नळी, चढाईची भिंत आणि आच्छादित क्रीडागृह असते, म्हणजे दुपारचे उत्तर मिळते. रात्रीचे उत्तर मोठ्या नाट्यगृहातले कार्यक्रम आणि उशिरापर्यंत चालणारे संगीत देतात. यातल्या काही गोष्टींना वेगळे पैसे पडतात आणि लोकप्रिय खेळांच्या वेळा पहिल्याच दिवशी भरतात, तेव्हा जहाजावर चढताच मुलांना फोनवरून आरक्षण करायला सांगा; हे काम त्यांच्यावर सोपवले की ते तुमच्याहून चोख करतात. गेंटिंग ड्रीमवर भारतीय प्रवाशांचा मोठा भरणा असतो आणि शाकाहारी, जैन जेवणाची सोय पक्की असते. तुमच्यासारख्या एकट्या शाकाहारी आईला तिथे निश्चिंत वाटेल. मुलांना क्वांटम वर्ग अधिक आवडेल. दोन्हींची माहिती मुलांना पाठवा आणि निवड त्यांना करू द्या. रॉयल कॅरिबियनवरही भारतीय शाकाहारी जेवण मिळते, फक्त ते आरक्षणाच्या वेळी लेखी कळवावे लागते आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगावे लागते. दुसऱ्या दिवसापासून तो आपणहून विचारायला येतो.

फेरी निवडताना मलेशियातले पेनांग बेट असलेली निवडा. तिथल्या जॉर्जटाऊन शहरात जहाज स्वेटनहॅम धक्क्याला, थेट गावाच्या कुशीत लागते. हे जुने शहर 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. धक्क्यावरून चालत निघालात की दहा-पंधरा मिनिटांत चिनी कुळांची सभागृहे, मशिदी, देवळे आणि तमिळ दुकानांची गल्ली सुरू होते. कोणतीही सहल विकत घेण्याची गरज नाही. मुले भिंतींवरची चित्रे आणि रस्त्यावरचे खाणे शोधत एका दिशेला जातील, तुम्ही दुसऱ्या, आणि दुपारी केळीच्या पानावरच्या जेवणाला भेटाल. या वयाच्या मुलांसोबत असे वेगळे होऊन परत भेटता येणारे बंदर फार मोलाचे असते. याउलट पोर्ट क्लांग हे क्वालालंपूर म्हणून विकले जाते, पण शहर तिथून चाळीसेक किलोमीटर आत आहे आणि दिवसाचा चांगला भाग रस्त्यावर जातो. थायलंडमधल्या फुकेतला अनेक जहाजे खोल पाण्यात नांगर टाकतात आणि होड्यांतून पाटोंगच्या किनाऱ्यावर नेतात. हिवाळ्यात तिथला समुद्र शांत असल्याने हे सुखाचे असते. पावसाळ्यात तसे नसते.

फुकेतबद्दल एक गोष्ट मुलांना मी स्वतः, पालकांसमोर सांगते, आणि ती कडक शब्दांत सांगते. थायलंडमध्ये 2022 नंतर गांजाची दुकाने उघडपणे दिसू लागली, आणि तुमचे जहाज तिथून सिंगापूरला परतणार आहे, जिथे अमली पदार्थांचे कायदे जगातल्या सर्वांत कठोर कायद्यांपैकी आहेत. ई-सिगारेटलाही सिंगापुरात पूर्ण बंदी आहे. कोणाच्या तरी मित्रासाठी घेतलेली लहानशी वस्तूदेखील बॅगेत राहता कामा नये.

बोट लागण्याविषयी. पेनांग आणि फुकेतची वाट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते. एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया असल्याने ती बरीच सुरक्षित आहे, आणि दीड लाख टनांच्या आसपासच्या जहाजावर तुम्हाला बहुतेक वेळ आपण पाण्यावर आहोत हे जाणवणारही नाही. तरी खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर घ्या. जहाज डोलते तेव्हा टोके आणि वरचे मजले सर्वांत जास्त हलतात. यासाठी एक सावधगिरी लागते. खोली कंपनी ठरवेल अशा अटीवरचे जे स्वस्त आरक्षण असते ते घेऊ नका, कारण त्यात तुमच्या दोन खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर जाऊ शकतात. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते. मळमळ वाटलीच तर खोलीत पडून राहू नका, मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहा.

तारखांबाबत माझा सल्ला पत्रातल्या कल्पनेपेक्षा थोडा वेगळा आहे. डिसेंबरअखेरचे आठवडे सर्वांत महाग असतात आणि सिंगापुरातल्या शाळांना तेव्हा मोठी सुटी असल्याने जहाजे लहान मुलांनी भरलेली असतात. मुलाची सत्रपरीक्षा संपून जानेवारीत चार-पाच दिवस मिळत असतील तर तेच धरा. शुक्रवारी सुटणाऱ्या फेऱ्यांत नोकरी करणारे तरुण अधिक दिसतात, आणि तुमच्या मुलीची रजाही कमी मोडते. जहाज ज्या दिवशी सुटते त्या दिवशी सकाळी सिंगापूरला उतरणारे विमान कधीही घेऊ नका. मुंबईहून साडेपाच तासांचा प्रवास आणि अडीच तासांचा वेळफरक असतो, विमान रेंगाळले तर जहाज थांबत नाही. एक रात्र आधी पोहोचा. मरिना बे क्रूझ सेंटरला मेट्रोच्या मरिना साउथ पिअर स्थानकावरून चालत जाता येते.

सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करा, कारण जहाजातून बाहेर पडून तुम्ही त्याच देशात पुन्हा प्रवेश करता. मलेशिया आणि थायलंडसाठीचे नियम अलीकडच्या वर्षांत अनेकदा बदलले आहेत, तेव्हा ते निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा तपासा. प्रवासविमा घेताना जहाजावरच्या उपचारांचा उल्लेख आहे का ते वाचा. जहाजावरचा दवाखाना चांगला असतो, पण तिथले बिल लगेच भरावे लागते. जाहिरातीतल्या भाड्यावर दर माणशी दर रात्री साधारण 16 ते 20 डॉलर टिप्सचे धरा. फोन जहाज सुटताच विमान मोडवर टाका, कारण समुद्रातले रोमिंग जमिनीवरच्या पॅकेजमध्ये येत नाही. हे मुलांना नव्हे, वडिलांना सांगावे लागते, असा माझा अनुभव आहे.

दिवसाची आखणी करताना एकच गोष्ट सक्तीची ठेवा: रात्रीचे जेवण. चौघांचे स्वतंत्र टेबल मागा, ठरावीक वेळेचे आणि शक्य असल्यास उशिराचे. न्याहारीला मुले येणार नाहीत, त्यांना उठवायला जाऊ नका. जेवणाच्या टेबलावर ती दिवसभरात पाहिलेले सांगत येतात, कारण दिवसभर तुम्ही त्यांच्या मागे नव्हता. एक दिवस मुलीला म्हणावे, आजचे जेवण तुझ्याकडून. जहाजावरच्या एखाद्या वेगळ्या पैशांच्या उपाहारगृहात ती तुम्हाला घेऊन जाईल. कमावत्या मुलीला हे करू देण्याचा प्रसंग घरी सहसा येत नाही.

आणि आज रात्रीच मुलाचे पारपत्र काढून पाहा. लहानपणी काढलेले पारपत्र साधारणपणे पाच वर्षांचे किंवा अठराव्या वाढदिवसापर्यंतचे असते, म्हणजे 19 व्या वर्षी ते बहुधा संपलेलेच असणार, आणि प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत लागते. तो वसतिगृहात राहत असल्याने अर्जात सध्याचा पत्ता कोणता द्यायचा आणि पोलीस पडताळणी कुठे होईल हे आधी ठरवा. त्याची परीक्षा सुरू होण्याआधी तो एक दिवस पुण्याला येऊन पारपत्र कार्यालयात जाऊन गेला, तर बाकीची सगळी कामे त्याच्या मागून होत राहतील.